न खपलेल्या कॉर्व्हेटची गोष्ट

पन्नाशीच्या दशकातली अमेरिकन स्पोर्ट्‌स कार घ्यायला निघालेल्या माणसाला जाणकार आधी बजावतात, की रंगावर भाळू नकोस. दाराच्या खांबावरची पाटी वाच, इंजिनावर ठोकलेले आकडे बघ, बॉडीच्या आतल्या बाजूने हात फिरव. ऐकताना हा पंचनामाच वाटतो. पण कॉर्व्हेटच्या बाबतीत यातली जवळजवळ प्रत्येक सूचना ती बनवणाऱ्या शेव्हरोलेने, म्हणजे जनरल मोटर्सच्या एका शाखेने, त्या काळी घाईत, नाइलाजाने किंवा निव्वळ हौसेने घेतलेल्या कुठल्या ना कुठल्या निर्णयापाशी जाऊन पोचते.

दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकन सैनिक इंग्लंडहून परतले ते एमजीसारख्या चिमुकल्या उघड्या गाड्यांची चटक लागूनच. पाठोपाठ जग्वारची एक्सके १२० आली. डेट्रॉईटकडे, म्हणजे अमेरिकन मोटार उद्योगाकडे, याला उत्तर नव्हतं. तिथे गाडी म्हणजे अख्ख्या कुटुंबाला पुरणारा, चाकं लावलेला दिवाणखाना. नॅश-हीलीसारखे प्रयत्न झाले, पण थोडक्यात आटोपले. जनरल मोटर्सचे डिझाइनप्रमुख हार्ली अर्ल यांनी मात्र जानेवारी १९५३ मध्ये न्यूयॉर्कच्या वॉल्डॉर्फ-अस्टोरिया हॉटेलातल्या मोटोरामा प्रदर्शनात दोन आसनांची पांढरी कॉर्व्हेट मांडली. लोकांनी गर्दी केली आणि कंपनीने लगोलग ती विकायचं ठरवलं. ३० जूनला मिशिगनमधल्या फ्लिंटच्या कारखान्यातून पहिली गाडी बाहेर पडलीसुद्धा.

पत्र्याचे साचे बनवायला वेळ आणि पैसा दोन्ही लागतात. म्हणून बॉडी फायबरग्लासची. इंजिन शेव्हरोलेच्या साध्या गाड्यांतलंच सहा सिलिंडरचं, तीन कार्ब्युरेटर लावून १५० अश्वशक्तीपर्यंत नेलेलं, आणि त्याला जोडलेला दोन गतींचा ऑटोमॅटिक गिअर. स्पोर्ट्‌स कार म्हणवणाऱ्या गाडीला ऑटोमॅटिक! दाराला बाहेरून मूठ नाही, वरखाली होणाऱ्या काचा नाहीत. त्या वर्षी ३०० गाड्या निघाल्या. सगळ्या पांढऱ्या, आतून लाल, वर काळा कापडी टप. त्यामुळे आज कुणी ‘मूळची निळी १९५३ ची’ म्हणून गाडी दाखवली, तर पुढचं बोलणं तिथेच थांबवावं.

१९५४ मध्ये उत्पादन मिसुरीतल्या सेंट लुईसला हललं आणि ३,६४० गाड्या बनल्या. वर्ष संपलं तेव्हा त्यातल्या जवळपास एक तृतीयांश पडून होत्या. म्हणून १९५५ मध्ये फक्त ७०० बनवल्या. त्याच वर्षी फोर्डची थंडरबर्ड आली. पत्र्याची बॉडी, आठ सिलिंडरचं व्ही-८ इंजिन, नीट वरखाली होणाऱ्या काचा. ती १६ हजारांवर खपली. फोर्डने तिला कधी स्पोर्ट्‌स कार म्हटलं नाही, ‘पर्सनल कार’ म्हटलं, आणि १९५८ पासून तिला चार आसनं दिली. १९५५ ते ५७ ची दोन आसनांची थंडरबर्ड आजही तुलनेने सोपी खरेदी आहे. बनली भरपूर, त्यामुळे मिळतेही. फक्त पत्रा कुठे कुजलाय ते नीट बघावं लागतं.

कॉर्व्हेट वाचली त्याचं बरंचसं श्रेय झोरा आर्कस-डंटोव्ह या अभियंत्याला दिलं जातं. मोटोरामातली गाडी पाहून तो जनरल मोटर्समध्ये आला आणि वर्ष सरायच्या आत त्याने वरिष्ठांना टिपण पाठवलं. गाड्या स्वतः खोलून वेगवान करणारी तरुण पोरं आपल्याकडे कशी ओढायची, हा त्याचा विषय. १९५५ मध्ये व्ही-८ आलं. त्या वर्षीच्या गाडीच्या क्रमांकाआधीचं ‘व्ही’ हे अक्षर त्याचीच खूण. १९५६ मध्ये काचा आल्या. १९५७ मध्ये २८३ घनइंचांच्या इंजिनाला फ्युएल इंजेक्शन, म्हणजे कार्ब्युरेटरऐवजी इंधन फवारणारी यंत्रणा, जोडून २८३ अश्वशक्ती काढली गेली आणि जाहिरातवाल्यांना आयतं वाक्य मिळालं: दर घनइंचाला एक अश्वशक्ती.

आजच्या खरेदीदाराची खरी डोकेदुखी इथूनच सुरू होते. त्या वर्षीच्या ६,३३९ कॉर्व्हेटपैकी १,०४० इंजेक्शनवाल्या होत्या. ही यंत्रणा गल्लीतल्या मेकॅनिकच्या हाताला लागेना, तेव्हा कित्येकांनी ती काढून साधा कार्ब्युरेटर बसवला. पुढे भाव चढले आणि उलटा प्रवास सुरू झाला. कारखान्यातून कार्ब्युरेटर घेऊन निघालेल्या गाडीवर कुठून तरी मिळवलेलं इंजेक्शन चढवायचं. खातरजमा करायला इंजिनाच्या पुढच्या सपाट पट्टीवरचे आकडे उरतात. इंजिन जिथे बनलं त्या फ्लिंटचा ‘एफ’, मग महिना-दिवस, मग दोन अक्षरं. २८३ अश्वशक्तीच्या इंजेक्शनवाल्या इंजिनाला ‘ईएल’. अक्षरं घासून नवी ठोकणारे आहेतच, म्हणून पट्टीवरच्या कारखान्यातल्या बारीक समांतर रेघा शाबूत आहेत का, हेही भिंगाखाली बघतात. कॉर्व्हेटच्या इंजिनावर गाडीचा क्रमांक ठोकायची पद्धत १९६० च्या मॉडेलपासूनची. त्याआधीच्या गाडीला विक्रेता ‘मॅचिंग नंबर्स’ (इंजिन मूळचंच) म्हणतो, तेव्हा इंजिनाची तारीख गाडीच्या तारखेशी जुळते, एवढाच त्याचा अर्थ घ्यावा.

फायबरग्लासचीही दोन तोंडं आहेत. बॉडीला गंज नाही, पण खालची चॅसी, म्हणजे सांगाडा, लोखंडीच. शिवाय रेझिन आणि करवत हाताशी असली की कुणीही कापाकापी करू शकतो. साठ-सत्तरच्या दशकांत या नुसत्या जुन्या गाड्या होत्या. रुंद टायर बसावेत म्हणून चाकांवरच्या कमानी सर्रास कापल्या गेल्या. पुढे कुणी ते बुजवलं, वर सुंदर रंग दिला. आतून मात्र पॅनेल जोडणाऱ्या मूळ पट्ट्या जागेवर आहेत की नाहीत, यावरून गोष्ट उघडी पडते.

‘जशी कारखान्यातून निघाली तशी’ हे खूळ त्यानंतरचं. गाडीचा अस्सलपणा तपासून गुण देणारी ब्लूमिंग्टनची परीक्षणं १९७३ ची, नॅशनल कॉर्व्हेट रिस्टोरर्स सोसायटी ही हौशी मालकांची संघटना १९७४ ची. तिथे गाडी कारखान्यापेक्षा चकचकीत केली तर गुण कापतात. गाड्या शोधायची ठिकाणं मात्र जुनीच आहेत: हेमिंग्ज हे जाहिरातींचं मासिक १९५४ पासूनचं, पेनसिल्व्हेनियातल्या हर्शीचा सुट्या भागांचा बाजार १९५५ पासूनचा. बॅरेट-जॅक्सनचे लिलाव १९७१ मध्ये सुरू झाले आणि हा सौदा टीव्हीवर बघायचा तमाशाही झाला.

आपल्याकडच्या हौशी लोकांना या दशकातल्या गाड्या बराच काळ हुलकावणी देत होत्या, कारण परवान्याविना आयातीची सवलत १९५० पूर्वीच्या गाड्यांपुरतीच होती. २०२५ मध्ये ती पन्नास वर्षांहून जुन्या गाड्यांना लागू झाली. नोंदणी २०२१ च्या व्हिंटेज नियमांखाली होते, पाटीवर ‘व्हीए’ ही अक्षरं येतात आणि गाडी रोज ऑफिसला नेता येत नाही. पुण्यात बसून अमेरिकेतली गाडी ठरवणाऱ्याने तिथल्या माणसाकडून एक फोटो जरूर मागवावा. चॅसीच्या वरच्या अंगाला ठोकलेला क्रमांक बॉडीखाली दडलेला असतो. तो आरसा आणि विजेरी घेऊन शोधावा लागतो, आणि विक्रेता सहसा आपणहून दाखवत नाही.