औद्योगिक टाकाऊ पदार्थांपासून स्वस्त अधिशोषक

कारखान्यांतून टाकाऊ म्हणून बाहेर पडणारी राख, गाळ, धातुमळी किंवा कर्बयुक्त चिखल यांवर थोडी प्रक्रिया करून पाण्यातले रंजक धरून ठेवणारे पदार्थ बनवता येतात. त्यांना स्वस्त अधिशोषक म्हणतात. कापड, कातडी आणि कागद रंगवणाऱ्या उद्योगांच्या सांडपाण्यासाठी त्यांचा विचार प्रामुख्याने होतो.

रंजक मुळात टिकाऊ बनवलेले असतात. ऊन, साबण आणि घाम यांना दाद न देणारा रंग सांडपाण्यातल्या जीवाणूंनाही सहसा दाद देत नाही, त्यामुळे नेहमीच्या जैविक प्रक्रियेतून तो बराचसा तसाच पुढे जातो. लिटरला एखादा मिलिग्रॅम रंजकही डोळ्यांना दिसू शकतो. अझो रंजक (ज्यांच्या रेणूत नायट्रोजनच्या दोन अणूंचा दुहेरी बंध असतो असे रंजक) ऑक्सिजनविरहित स्थितीत तुटले, तर त्यांपासून ॲरोमॅटिक अमाइने तयार होतात आणि त्यांतली काही कर्करोगकारक आहेत. अधिशोषणात रेणू न तुटता अख्खाच पाण्याबाहेर येतो, हा या पद्धतीचा मोठा फायदा.

कोळशाने द्रावणाचा रंग उतरतो, हे रसायनशास्त्रज्ञ लोव्हित्स यांनी 1785 मध्ये दाखवले होते. आजही सक्रिय कार्बन, म्हणजे प्रक्रिया करून अतिशय सच्छिद्र बनवलेला कोळसा, हाच सर्वांत भरवशाचा अधिशोषक आहे. त्याच्या एका ग्रॅमचे पृष्ठफळ साधारणपणे 500 ते 1,500 चौरस मीटर भरते. पण तो महाग पडतो, आणि वापरलेला कार्बन तापवून पुन्हा कामाचा करताना दर वेळी त्याचा काही भाग जळून जातो. स्वस्त पर्यायांचा शोध सुरू झाला तो यामुळे.

कच्चा माल म्हणून चार-पाच पदार्थ वारंवार पुढे येतात. औष्णिक वीजकेंद्रांच्या उडत्या राखेत सिलिका आणि ॲल्युमिना भरपूर असतात. रंजक धरण्यात मात्र तिच्यातल्या न जळलेल्या कर्बाचा वाटा पुष्कळदा मोठा असतो, म्हणजे भट्टीत कोळसा जितका चांगला जळतो तितकी ही राख अधिशोषक म्हणून कमी उपयोगी ठरू शकते. कॉस्टिक सोड्याच्या द्रावणात तापवून तिच्यापासून झिओलाइट हे सूक्ष्म छिद्रांचे खनिजही बनवतात. बॉक्साइटपासून ॲल्युमिना काढल्यावर उरणारा तांबडा गाळ तीव्र अल्कधर्मी असतो. तो धुऊन आम्लाने सक्रिय करावा लागतो. झोतभट्टीची मळी, धूळ आणि गाळ यांतही कर्ब जास्त असलेला गाळ व धूळ उजवी ठरतात आणि काचेसारखी घट्ट मळी मागे पडते. खनिज तेलावर चालणाऱ्या खतकारखान्यांतला कर्बयुक्त चिखल यांत सरस ठरतो. त्याला चिकटलेले सेंद्रिय पदार्थ हायड्रोजन पेरॉक्साइडने घालवायचे, मग तो धुऊन, वाळवून, तापवून चाळायचा, एवढ्यावर बऱ्यापैकी सच्छिद्र कार्बन हाती येतो.

कोणता रंजक पकडला जाईल, हे पृष्ठभागावरच्या विद्युतभारावर बरेचसे ठरते. प्रत्येक अधिशोषकाचा एक शून्यभार सामू असतो, म्हणजे ज्या सामूला (pH) त्याच्या पृष्ठभागावरचा एकूण भार शून्य होतो तो. पाण्याचा सामू त्याहून जास्त असेल तर पृष्ठभाग ऋणभारित होतो आणि मेथिलीन ब्लूसारखे धनभारित रंजक ओढून घेतो. कमी असेल तर पृष्ठभाग धनभारित होतो आणि आम्ल रंजक व धाग्याशी रासायनिक बंध जोडणारे प्रतिक्रियाशील रंजक या ऋणभारित रंजकांची बाजू वरचढ होते. प्रयोगांत मेथिलीन ब्लूचा सुळसुळाट आहे, कारण तो सहज चिकटतो आणि 664 नॅनोमीटरला नेमका मोजता येतो. सुती कापडाच्या रंगाईत न बसता वाहून जाणारे प्रतिक्रियाशील रंजक मात्र ऋणभारित असतात. मेथिलीन ब्लूवर मिळालेला देखणा आकडा त्यांना लागू होईलच असे नाही. त्यातच रंगाईच्या पाण्यात मीठ, सोडा आणि इतर रसायने असतात. प्रयोगशाळेतल्या ऊर्ध्वपातित पाण्यात त्यांचा अडथळा नसतो.

चाचणी साधी असते. समजा, लिटरला 50 मिलिग्रॅम रंजक असलेले 100 मिलिलिटर द्रावण घेतले, त्यात 0.1 ग्रॅम भुकटी टाकली आणि रंग उतरायचा थांबेपर्यंत ते हलवत ठेवले. शेवटी पाण्यात लिटरला 5 मिलिग्रॅम रंजक उरला, तर भुकटीने ग्रॅममागे 45 मिलिग्रॅम रंजक धरला. अशी मोजमापे निरनिराळ्या संहतींना घेऊन ती लँगम्यूर किंवा फ्रॉइंडलिश यांच्या समीकरणांत बसवतात; पाण्यात उरलेला रंजक आणि भुकटीने धरलेला रंजक यांचे नाते ही समीकरणे सांगतात. पण समीकरण चांगले बसले म्हणजे पदार्थ चांगला ठरत नाही.

हाच हिशोब कारखान्याच्या मापात केला की खरी अडचण दिसते. तेवढ्याच रंजकाचे दहा लाख लिटर पाणी रोज त्याच पातळीपर्यंत स्वच्छ करायला अशी भुकटी रोज 1 टन लागेल. ग्रॅममागे 2 मिलिग्रॅमच धरणारी मळी वापरली, तर हा आकडा साडेबावीस टनांवर जातो, आणि तेवढाच रंगीत, ओला गाळ रोज बाहेर पडतो. फुकट मिळालेल्या मालावर वाहतूक, आम्ल, धुण्याचे पाणी आणि इंधन यांचा खर्च चढतो तो वेगळाच. त्यामुळे किलोच्या भावापेक्षा एक किलो रंजक काढायला किती खर्च येतो, हे माप जास्त प्रामाणिक वाटते. बऱ्याच संशोधनात ‘स्वस्त’ हे विशेषण हा हिशोब न मांडताच लावलेले आढळते.

पाणी वरून खाली सोडण्याच्या उभ्या नळीत, म्हणजे स्तंभात, बारीक भुकटी भरली की पाणी तुंबते, म्हणून तिच्या गोळ्या कराव्या लागतात. त्यात काही पृष्ठफळ झाकले जाते. राख आणि तांबडा गाळ यांतून जड धातू पाण्यात उतरू शकतात, त्यामुळे असे किती उतरते हे पाहणारी निक्षालन चाचणी वापराआधीच करावी लागते. काम संपल्यावर कर्बयुक्त अधिशोषक भट्टीत जाळता येतात. खनिज स्वरूपाचे अधिशोषक विटांत किंवा सिमेंटमध्ये मिसळण्याचा पर्याय असतो, पण त्यासाठी विटेची ताकद आणि तिच्यातून पाझरणारे पाणी दोन्ही तपासावे लागतात.