फुकट मिळणारी क्षमा घेणे इतके अवघड का जाते?

ठाण्याच्या तलावपाळीवर सकाळी फिरायला येणाऱ्या आमच्या मंडळींमध्ये परवा एकाने जुनेच वाक्य पुन्हा ऐकवले. ‘‘ख्रिस्ती लोकांचे बरे असते. आठवडाभर वाटेल ते करायचे, शनिवारी फादरच्या कानात सांगायचे, की रविवारी पाटी कोरी!’’ सगळे हसले. सेंट जॉन द बॅप्टिस्ट चर्च तेथून हाकेच्या अंतरावर आहे. त्या चर्चमध्ये वर्षानुवर्षे जाणारे आमच्या इमारतीतील एक निवृत्त गृहस्थ, ज्यांना लहानथोर सगळेच अंकल म्हणतात, तेही त्या वेळी बाकावर बसलेले होते आणि तेही हसले. घरी परतताना मात्र त्यांनी मला सांगितले, की गेली अकरा वर्षे ईस्टरपूर्वीच्या उपवासकाळात ते कन्फेशनच्या, म्हणजे फादरसमोर पापांची कबुली देण्याच्या, रांगेत उभे राहतात आणि बहुतेक वेळा पुढे तीन माणसे उरली की काहीतरी काम आठवल्यासारखे करून बाहेर पडतात. आईच्या आजारपणात धाकट्या भावाने पाठवलेल्या पैशांपैकी बरीच रक्कम शिल्लक राहिली होती. ती त्यांनी स्वतःकडे ठेवली आणि सगळी खर्च झाल्याचे भावाला सांगितले. हे येथे लिहिण्यास त्यांची परवानगी आहे.

मी स्वतः ख्रिस्ती नाही. देव क्षमा करतो की नाही, हा प्रश्न प्रयोगशाळेत सुटणाराही नाही. परंतु ज्या माणसाची क्षमेवर पूर्ण श्रद्धा आहे, जिच्यासाठी काहीही मोजावे लागत नाही हे ज्याला तोंडपाठ आहे, त्याचे पाय नेमके रांगेत का अडखळतात, हा प्रश्न मानसशास्त्राच्या कक्षेत येतो, आणि त्याचे उत्तर मला फार देखणे वाटते.

आधी दोन शब्द वेगळे करू. मराठीने ते पूर्वीच केलेले आहेत. चूक केल्याची जाणीव आपण ‘मनाला टोचणी लागली’, ‘मन खाते’ अशी सांगतो. लाजेचे वाक्प्रचार मात्र बहुतेक चेहऱ्याचे आणि लपण्याचे असतात. तोंड दाखवायला जागा उरली नाही, मान खाली गेली, धरणीने पोटात घ्यावे. हाच फरक हेलन ब्लॉक लुईस या अमेरिकी मानसशास्त्रज्ञ स्त्रीने १९७१ मध्ये सविस्तर मांडला. अपराधीपणात लक्ष कृत्यावर असते, म्हणजे ‘मी हे केले’. लाजेत ते करणाऱ्यावर असते, म्हणजे ‘मी असा आहे’. पुढील संशोधनात असे वारंवार दिसले, की अपराधी वाटणारा माणूस बहुधा भरपाई करायला निघतो आणि लाज वाटणारा दडून बसतो. बायबलमध्ये या दोन्ही वाटा एकाच रात्रीच्या कथेत आहेत. पेत्र आणि यहूदा हे दोघेही येशूचे शिष्य. पेत्राने येशूला तीनदा नाकारले आणि यहूदाने त्याला धरून दिले. दोघांनाही पस्तावा झाला, यहूदाने तर चांदीची तीस नाणी परतही केली. पण पेत्र रडला आणि पुन्हा त्याच माणसांत आला, यहूदा एकटा गेला आणि त्याने गळफास घेतला.

लाज शरीरातही दिसते. सॅली डिकर्सन आणि मार्गारेट केमेनी यांनी २००४ मध्ये २०८ प्रयोगांचा एकत्रित आढावा घेतला, तेव्हा कॉर्टिसॉल या ताणाच्या संप्रेरकाची सर्वांत मोठी वाढ अशा प्रसंगांत आढळली, जेथे माणसाची कुवत दुसरा कोणी जोखत होता आणि निकाल त्याच्या हातात नव्हता. कन्फेशनची रांग ही नेमकी तशीच जागा आहे, आणि अंकलच्या तळहातांना सुटणारा घाम हा श्रद्धेचा कमकुवतपणा नव्हे.

आता मूळ यंत्रणेकडे येतो. ओ. हॉबर्ट माउरर यांनी १९४७ मध्ये मांडले, की टाळण्याची सवय दोन टप्प्यांत जडते. पहिल्या टप्प्यात एखादी खूण आणि इजा यांची मनात सांगड बसते आणि मग नुसत्या खुणेनेही भीती वाटू लागते. दुसऱ्या टप्प्यात प्राणी खुणेपासून दूर पळतो, त्यामुळे भीती उतरते, आणि ते हायसे वाटणे हेच पळण्याचे बक्षीस ठरते. (याच माउररनी पुढे ‘पाप’ हा शब्द मानसशास्त्राने टाकून देऊ नये असा आग्रह धरून आपल्या व्यवसायबंधूंना बरेच अस्वस्थ केले.) १९५३ मध्ये रिचर्ड सॉलोमन आणि लायमन वीन यांनी कुत्र्यांवर केलेले प्रयोग आज कोणतीही नैतिक समिती मंजूर करणार नाही. दोन कप्प्यांची पेटी, मध्ये उडी मारून ओलांडता येईल असा अडसर. दिवा मालवला की दहा सेकंदांनी पायाखालच्या जाळीतून विजेचा झटका येई. कुत्री लवकरच दिवा मालवताच पलीकडे उडी मारायला शिकली. मग संशोधकांनी वीज कायमची बंद केली. अपेक्षा अशी, की झटका येत नाही हे कळले की उड्या थांबतील. त्या थांबल्या नाहीत. कुत्री कितीतरी वेळा उडी मारत राहिली, आणि उडी उलट अधिक चपळ होत गेली.

याचे कारण साधे आहे. वीज बंद झाली आहे हे कळायला दिवा मालवल्यावर दहा सेकंद तेथेच थांबावे लागते, आणि कुत्रे थांबतच नाही. झटका आला नाही याचे श्रेय त्याच्या हिशेबात उडीला जाते. तीन माणसे उरली असता रांगेतून बाहेर पडल्यावर तलावाच्या वाऱ्याने अंकलना जे हायसे वाटते, ते हेच बक्षीस आहे. वीज दोन हजार वर्षांपूर्वी, येशू क्रूसावर गेला तेव्हाच बंद करण्यात आली, असे त्यांचा धर्म सांगतो. त्यांना ते मान्यही आहे. फक्त त्यांच्या पायांना ते अजून ठाऊक नाही.

येथपर्यंत सोपे होते. पण अंकल काही वर्षी खिडकीपर्यंत पोहोचलेही होते. तेव्हा त्यांनी ‘पैशांच्या व्यवहारात थोडे चुकले’ एवढेच सांगितले, फादरनी क्षमेची प्रार्थना म्हटली, आणि अंकल होते तसेच घरी आले. क्षमा ऐकूनही लाज का गेली नाही? याचे उत्तर १९७२ च्या रेस्कोर्ला-वॅग्नर समीकरणात आहे. समीकरण शब्दांत असे, की एका प्रसंगातून होणारे शिकणे हे ‘प्रत्यक्ष घडलेले’ वजा ‘अपेक्षित’ या फरकाच्या प्रमाणात असते. फरक शून्य असेल तर शिकणेही शून्य. गंमत अशी, की यातील ‘अपेक्षित’ ही एका खुणेची नव्हे, तर त्या वेळी हजर असलेल्या सर्व खुणांची बेरीज असते. समजा, धोक्याच्या खुणेचे मूल्य अधिक दहा आहे आणि सोबत उणे दहा मूल्याची एक सुरक्षेची खूण आहे. बेरीज शून्य झाली. आता इजा झाली नाही, म्हणजे घडलेलेही शून्य. शून्यातून शून्य गेले, अपेक्षाभंग झाला नाही, आणि धोक्याच्या खुणेचे अधिक दहा शाबूत राहिले. इजा होत नाही हे अनुभवून भीती ओसरत जाणे म्हणजे विलोपन; येथे जे घडले त्याला विलोपनापासूनचे संरक्षण म्हणता येईल, आणि पीटर लव्हीबाँड व सहकाऱ्यांनी २००० मध्ये ते माणसांतही दाखवले. अंकलचे ‘थोडे चुकले’ हे शब्द म्हणजे अशी उणे दहाची खूण. क्षमा मिळाली खरी, पण मनाने तिचे श्रेय मोघम शब्दांना दिले: खरी गोष्ट कळली असती तर क्षमा मिळाली नसती. मुखवट्याला मिळालेली माया चेहऱ्यापर्यंत पोहोचत नाही, असे कोणी म्हणेल. मला मात्र वजाबाकी अधिक आवडते.

येशूने सांगितलेला उधळ्या पुत्राचा दाखला या दृष्टीने पुन्हा वाचण्यासारखा आहे. संपत्ती उडवून परतणारा मुलगा वाटेत भाषण तयार करतो: मी तुमच्याविरुद्ध पाप केले आहे, आता तुमचा मुलगा म्हणवून घ्यायला योग्य नाही, मला एका मोलकऱ्यासारखे ठेवा. यातील शेवटचे वाक्य ही सुरक्षेची खूण आहे. मोलकरी म्हणून राहिले तर रोजच्या कष्टांतून देणे फिटत राहील आणि मुलगा म्हणून कोणाच्या नजरेला नजर द्यावी लागणार नाही. बायबलमधील लूकच्या शुभवर्तमानाच्या पंधराव्या अध्यायात मुलगा प्रत्यक्षात बोलतो तेव्हा हे वाक्य येतच नाही. बाप आधीच धावत येऊन गळ्यात पडलेला असतो आणि मुलगा ‘योग्य नाही’ येथवर पोहोचतो तोच बाप नोकरांना उत्तम झगा आणायला सांगतो. अपेक्षा आणि घटना यांतील अंतर याहून मोठे करता येणे कठीण. बायबलमधीलच एफिसकरांस लिहिलेल्या पत्रात तारण हे कर्मांचे फळ नसून देवाचे दान आहे असे म्हटले आहे. दान आणि मजुरी यांतील तो फरक या गोष्टीत एका अर्धवट राहिलेल्या वाक्यात सामावला आहे.

याची दुसरी बाजूही आहे. कबुली हीच कधी कधी उडी बनते. कॅथलिक परंपरेत अतिपापभीरूपणाला जो शब्द आहे, तो लॅटिनमधील ‘टोकदार लहान खडा’ या अर्थाच्या शब्दावरून आला. चपलेत शिरलेला खडा जसा पावलोपावली टोचतो तसा. जेझुइट संघाचे संस्थापक इग्नेशियस लोयोला यांना १५२२ मध्ये मानरेसा येथे या खड्याने इतके छळले, की जुनी पापे पुनःपुन्हा सांगूनही काही राहून गेल्याची शंका जाईना आणि आत्महत्येचे विचार येऊ लागले. शेवटी गतकाळातील पापे पुन्हा सांगायची नाहीत असा त्यांनी निश्चय केला. १९६६ मध्ये लंडनच्या व्हिक्टर मेयर यांनी मंत्रचळाच्या रुग्णांना त्यांच्या कृती करण्यापासून रोखून जो उपचार दिला, त्याचे तत्त्व हेच होते. त्यामुळे शंकेचा असा खडा असणाऱ्याने चर्चबरोबर मनोविकारतज्ज्ञाकडेही जावे. प्रार्थनेने गोळ्या सुटतात असे सांगणाऱ्या सभांकडे मात्र जाऊ नये, आणि आजार म्हणजे पापाची शिक्षा असे सांगणाऱ्यांना योहानाच्या शुभवर्तमानाचा नववा अध्याय वाचायला द्यावा, जेथे जन्मांध माणसाबद्दल येशू स्वतः सांगतो, की याने पाप केले नाही आणि याच्या आईबापांनीही नाही.

देवाविषयीची कल्पना कशी आहे, याला मात्र वजन आहे. केनेथ पार्गामेंट यांच्या गटाने २००१ मध्ये रुग्णालयात दाखल झालेल्या ५९६ वयस्क रुग्णांच्या दोन वर्षांच्या पाठपुराव्याचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. देवाने आपल्याला टाकले, त्याचे आपल्यावर प्रेम नाही, अशा शंकांत अडकलेल्यांमध्ये मृत्यूची शक्यता अधिक आढळली. शंकेमुळेच मृत्यू आला, असे यावरून सिद्ध होत नाही.

या वर्षी अंकल रांगेत शेवटपर्यंत थांबले. रक्कम त्यांनी व्याजासह कागदावर लिहून नेली होती आणि ती वाचून दाखवली. फादरनी व्याजाबद्दल काहीच विचारले नाही; भाऊ कुठे राहतो एवढे विचारले आणि पैसे परत करायला सांगितले, कारण क्षमा मिळाल्याने दुसऱ्याचे पैसे आपले होत नाहीत. पुढच्या रविवारी ते ठाण्याहून ट्रान्स-हार्बरच्या गाडीने नेरूळला गेले, आणि भावाच्या दारात त्यांच्या तळहातांना पुन्हा तोच घाम सुटला. विलोपनाने जुनी भीती पुसली जात नाही, तिच्यावर नवे शिकणे चढते, आणि हे नवे शिकणे जागा बदलली की बहुधा मागे पडते. मार्क बाउटन यांनी उंदरांवरील प्रयोगांत ते अनेकदा दाखवले आहे. हे मी अंकलना आधीच सांगून ठेवले होते. ते जिन्याकडे वळले, दोन पायऱ्या उतरले, आणि परत येऊन त्यांनी बेल वाजवली.