मदतीचं गाणं आणि घेणाऱ्याचा मान

२०१९च्या ऑगस्टमध्ये सांगली-कोल्हापूर पाण्याखाली गेलं, पुणे-बंगळूर महामार्ग कित्येक दिवस बंद राहिला. पुण्यात पेठांमधून, सोसायट्यांमधून, गणेश मंडळांच्या कार्यालयांमधून चादरी, औषधं, बिस्किटांचे पुडे गोळा होत होते. त्याच आठवड्यात सदाशिव पेठेतल्या आमच्या हौशी गायकांच्या गटात कुणीतरी सुचवलं, की शहरातल्या वीस-पंचवीस नामवंत गळ्यांना एकेक ओळ देऊ, एक गाणं करू आणि त्यावर निधी उभारू. सगळ्यांना ते पटलं, मलाही पटलं. त्या गाण्याचं काय झालं ते पुढे येईलच. पण अशी गाणी आली कुठून, हे मी त्या दिवसांत शोधायला लागले आणि सापडत गेलं ते मला वाटलं होतं त्याहून जुनं आणि गुंतागुंतीचं निघालं.

आपल्याकडे याची सुरुवात नाटकापासून होते. लोकमान्य १ ऑगस्ट १९२० रोजी गेले. त्यांच्या नावाने टिळक स्वराज्य फंड उघडला गेला आणि गांधीजींनी एक कोटी रुपयांचं उद्दिष्ट ठेवलं. या फंडासाठी ८ जुलै १९२१ रोजी मुंबईच्या बालीवाला थिएटरात ‘संयुक्त मानापमान’ झालं. भामिनी झाले बालगंधर्व आणि धैर्यधर झाले केशवराव भोसले. गंधर्व नाटक मंडळी आणि ललितकलादर्श या तेव्हाच्या दोन प्रतिस्पर्धी कंपन्या. त्यांच्या चाहत्यांमध्ये हाडवैर म्हणावं इतकी चढाओढ होती. हे दोघे एका रंगमंचावर समोरासमोर उभे राहणार, पदाला पद देणार, हेच त्या रात्रीचं आकर्षण. नाटक खाडिलकरांचं, म्हणजे टिळकांबरोबर ‘केसरी’त काम केलेल्या माणसाचं, त्यामुळे फंडाशी नातं आपोआप जुळलेलं होतं. त्यानंतर तीन महिन्यांच्या आत, ४ ऑक्टोबरला केशवराव गेले. वय अवघं एकतीस. म्हणून त्या प्रयोगाला मराठी मनात एवढी जागा आहे.

मला त्यात महत्त्वाचं वाटतं ते वेगळंच. फंडासाठी कुणी नवं पद रचलं नाही. देश किती दीन आहे, जनता किती केविलवाणी आहे, असं कुणी गाऊन दाखवलं नाही. दोघांनी आपलं उत्तमातलं उत्तम गाणं केलं, लोकांनी ते ऐकण्यासाठी पैसे मोजले आणि ते पैसे फंडात गेले. त्यातही नाटक कुठलं, तर श्रीमंत बापाच्या मुलीने गरीब सरदाराचा अपमान केल्याचं आणि मग तो मान तिला कसा द्यावा लागला याचं.

१९४३च्या बंगालच्या दुष्काळात दुसरी वाट फुटली. लाखो माणसं मेली, काही अंदाज तीस लाखांवर जातात, आणि तेही शेतं पूर्ण करपलेली नसताना. युद्धकाळातली सरकारी धोरणं, साठेबाजी आणि आकाशाला भिडलेले भाव यांनी माणसं मारली. त्याच वर्षी मुंबईत इप्टा ही डाव्या विचारांची नाट्यसंस्था स्थापन झाली. बिनय रॉय यांचं बंगाली पथक गावोगाव गाणी, नृत्यं करत मदत गोळा करत फिरलं. आपल्याकडे अण्णाभाऊ साठ्यांनी ‘बंगालची हाक’ हा पोवाडा लिहिला. ही गाणी थेट दुष्काळाबद्दलच होती, पण ती नुसती कीव करणारी नव्हती. धान्य कुणी दाबून ठेवलं, राज्यकर्त्यांनी काय केलं, हे ती विचारत होती. ऐकणाऱ्याच्या खिशातून पैसा निघायचा तसाच मनात रागही उठायचा. शाहिरीची ही रीत पुढच्या तारांकित गाण्यांमधून जवळजवळ नाहीशी झाली, याचं मला फार वाईट वाटतं.

चीन युद्धानंतरची गोष्ट सगळ्यांना माहीत आहे, पण अर्धीच. २७ जानेवारी १९६३ रोजी दिल्लीच्या नॅशनल स्टेडियममध्ये लताबाईंनी ‘ऐ मेरे वतन के लोगो’ गायलं. शब्द कवी प्रदीप यांचे, चाल सी. रामचंद्र यांची, समोर पंडित नेहरू. कार्यक्रम सैनिकांसाठी निधी उभारण्याचा होता. नेहरूंच्या डोळ्यांत पाणी आलं, हे आपण शाळेपासून ऐकतो. उरलेली अर्धी गोष्ट अशी, की गाण्याची रॉयल्टी युद्धात पती गमावलेल्या स्त्रियांच्या निधीला द्यायचं ठरलं होतं, आणि त्या निधीला दहा लाख रुपये द्यावेत असा आदेश ध्वनिमुद्रिका कंपनीला द्यायला २००५ साली मुंबई उच्च न्यायालय लागलं. मधली बेचाळीस वर्षं हे गाणं दर १५ ऑगस्टला आणि २६ जानेवारीला चौकाचौकात वाजत होतं.

‘संयुक्त मानापमान’ला पन्नास वर्षं झाली त्या वर्षी, १ ऑगस्ट १९७१ रोजी न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये बांगलादेशसाठी मैफल झाली. आज जगभर जे चालतं त्याचा मूळ साचा हा. कल्पना पंडित रविशंकरांची. त्यांचं घराणं मूळ पूर्व बंगालमधलं, अली अकबर खाँसाहेबांचा जन्मही तिकडचा, त्यामुळे तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानातून भारतात आलेल्या निर्वासितांचं दुःख त्यांच्यासाठी घरातलं होतं. रविशंकरांनी शब्द टाकला आणि बीटल्सवाल्या जॉर्ज हॅरिसनने बॉब डिलन, एरिक क्लॅप्टन, रिंगो स्टार यांना उभं केलं. दोन प्रयोग झाले, चाळीस हजारांच्या आसपास लोक आले. तिकिटांचे सुमारे २ लाख ४३ हजार डॉलर लगेच युनिसेफकडे गेले. सुरुवात सतार-सरोदाने झाली. वाद्यं लावून होताच लोकांनी टाळ्या वाजवल्या, तेव्हा रविशंकर म्हणाले की नुसतं लावणं एवढं आवडलं असेल तर वादन आणखी आवडेल.

खरा पैसा मात्र ध्वनिमुद्रिकेतून आणि चित्रपटातून यायचा होता, आणि तो अडकला. आयोजकांनी करसवलतीसाठी आधी रीतसर नोंदणी केली नव्हती. अमेरिकेच्या कर खात्याने रक्कम अडवून धरली आणि मोठा हिस्सा मोकळा व्हायला सुमारे दहा वर्षं गेली. निर्वासित तोवर घरी परतलेही होते. ज्या दुःखासाठी माणसं रात्रभर जागतात, त्याचा पैसा एका अर्जावाचून दशकभर पडून राहतो, हे वाचताना आजही जीव तुटतो. कुठल्याही मदतगाण्याच्या पहिल्या बैठकीत कवीच्या आधी चार्टर्ड अकाउंटंट हवा, असं मी तेव्हापासून म्हणते आणि मनापासून म्हणते.

मग आलं १९८४. २३ ऑक्टोबरला बीबीसीवर मायकल बर्क यांचा इथिओपियातल्या कोरेममधल्या दुष्काळाचा वृत्तांत दाखवला गेला आणि बघणारा हादरला. आयरिश गायक बॉब गेल्डॉफ आणि मिज युर यांनी गाणं रचलं, २५ नोव्हेंबरला लंडनच्या सार्म वेस्ट स्टुडिओत एका दिवसात ब्रिटनमधले सगळे मोठे पॉप गायक जमले. स्टुडिओ फुकट मिळाला होता, मानधन कुणी घेतलं नाही. ‘बँड एड’ या नावाने तबकडी डिसेंबरच्या सुरुवातीला दुकानात आली, पहिल्याच आठवड्यात दहा लाखांच्या घरात खपली, पाच आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिली आणि ऐंशी लाख पौंडांच्या आसपास रक्कम जमली. थॅचर सरकारने सुरुवातीला तबकडीवरचा विक्रीकर सोडायला नकार दिला. गेल्डॉफने उघड भांडण मांडलं, तेव्हा सरकारने तेवढीच रक्कम मदतीला दिली. हे गाण्याचं श्रेयच आहे. पडद्यावरचं दुःख बघून चॅनेल बदलणाऱ्या लाखो माणसांना दुकानापर्यंत चालत नेणं, ही सोपी गोष्ट नाही. त्या पैशातून धान्य गेलं, ट्रक गेले, औषधं गेली. त्याने वाचलेली माणसं आज कुणाची तरी आजी-आजोबा असतील.

पण शब्द वाचा. तिथे काही उगवत नाही, पाऊस नाही, नद्या नाहीत, नाताळ आला हे तरी त्यांना ठाऊक आहे का, असा त्या गाण्याचा सूर. इथिओपियात ख्रिस्ती धर्म चौथ्या शतकातच राजधर्म झाला, इंग्लंडच्या कितीतरी आधी, आणि तिथला नाताळ ७ जानेवारीला असतो. निळी नाईल तिथल्याच ताना सरोवरातून निघते. आणि एक ओळ तर अशी, की आज तुमच्याऐवजी ते मरताहेत याबद्दल देवाचे आभार माना. ती आयरिश गायक बोनोच्या वाट्याला आली. दुष्काळाचं कारण म्हणून त्यात फक्त कोरडं आकाश आहे. तिग्रे आणि इरिट्रियातलं युद्ध, मेंगिस्तूची लष्करी राजवट, माणसांना बळाने उचलून दुसऱ्या मुलखात नेऊन टाकण्याची तिची मोहीम, यातलं काही नाही. या मोहिमेवर बोलल्याबद्दल डॉक्टरांच्या एमएसएफ या संस्थेची फ्रेंच शाखा १९८५ साली त्या देशातून हाकलली गेली. अण्णाभाऊंच्या काळातला शाहीर हे विचारल्याशिवाय डफाला हात लावता ना.

अमेरिकेने लगेच आपलं गाणं केलं, ‘वी आर द वर्ल्ड’. कल्पना हॅरी बेलाफॉन्टे यांची, रचना मायकल जॅक्सन आणि लायोनेल रिची यांची, सूत्रं क्विन्सी जोन्सकडे. २८ जानेवारी १९८५च्या रात्री एका पुरस्कार सोहळ्यानंतर चाळीसहून अधिक गायक हॉलिवूडच्या स्टुडिओत आले. दारावर पाटी होती, आपला अहंकार बाहेर ठेवा. दोन कोटींहून अधिक प्रती खपल्या. त्या रात्री स्टीव्ही वंडरने गाण्यात स्वाहिली ओळ घालू या असं सुचवलं, आणि मग कुणीतरी लक्षात आणून दिलं की इथिओपियात स्वाहिली बोलत नाहीत, तिथे अम्हारिक बोलतात. ओळ टळली. हेतू चांगलाच होता. पण ज्यांच्यासाठी गायचं त्यांची भाषा कोणती, हे पहाटेपर्यंत चाललेल्या तालमीत कळावं, यातून त्या खोलीत कोण नव्हतं ते दिसतं. आफ्रिकेच्या स्वतःच्या गायकांनी मनू दिबांगो यांच्यासोबत केलेलं इथिओपियासाठीचं गाणंही त्याच सुमाराचं, पण ते किती जणांनी ऐकलं? त्याच वर्षी स्टीव्हन व्हॅन झँटने दक्षिण आफ्रिकेतल्या सन सिटी या आलिशान रिसॉर्टवर बहिष्काराचं गाणं केलं. त्यात थेट वर्णभेदी राजवटीला नाव घेऊन विरोध होता. अमेरिकेतल्या बऱ्याच रेडिओ केंद्रांनी ते वाजवलंच नाही.

अशी गाणी ऐकताना मला वाटणारी लाज नेमकी कशाची, हे मला इथे उमगलं. बालगंधर्व-केशवरावांनी किंवा रविशंकरांनी आपली कला विकून पैसा दिला. १९८४नंतरच्या गाण्यांनी संकटातल्या माणसाचं चित्रच विकायला काढलं. ते चित्र जितकं दीनवाणं तितकी विक्री जास्त, आणि एकदा काढलेलं चित्र पैसे संपल्यावरही पुसलं जात नाही. २०१४ साली इबोलासाठी बँड एडचं गाणं पुन्हा झालं, बोनोची ती ओळ बदलली गेली, तरी घानावंशीय ब्रिटिश गायक फ्यूज ओडीजी यांनी सहभाग नाकारला. अशा चित्राने आफ्रिकेत येणारे पर्यटक आणि गुंतवणूक मागे फिरते, मिळतं त्याहून जास्त जातं, हा त्यांचा मुद्दा. २०२४ साली चाळीस वर्षांनिमित्त नवी आवृत्ती निघाली, तेव्हा २०१४ला गायलेल्या एड शीरननेही जाहीर सांगितलं की आपला आवाज वापरण्याआधी विचारलं असतं तर आपण नाही म्हटलं असतं.

आता आमच्या गाण्याचं. शब्द तयार झाले, चाल लागली. कुणाला कुठली ओळ यावर दोन संध्याकाळी गेल्या. ध्रुवपदाची ओळ तिघांना हवी होती. तिसऱ्या दिवशी गटातल्या तबलजीने पलूस तालुक्यातल्या एका विद्यार्थ्याला आणलं, तो पुण्यात शिकायला होता आणि घरची माणसं अजून वरच्या मजल्यावर अडकलेली होती. आम्ही त्याला गाणं ऐकवलं. तो शांतपणे म्हणाला, “ताई, हात पसरलेत, डोळं लागल्यात, असं त्यात दोनदा आलंय. आमच्याकडं कुणी हात पसरून बसलं न्हाई. पोरं काहिलीतनं म्हातारी माणसं काढाय लागल्यात. ते घाला की.” ‘काहील’ म्हणजे गूळ करायची भली मोठी लोखंडी कढई. उसाच्या मुलखातली ही कढई पुरात होडी झाली होती, आणि आमच्या कवीला ते ठाऊक असायचं काही कारणच नव्हतं.

गाणं आम्ही सोडून दिलं. त्याऐवजी एका शाळेच्या सभागृहात नाट्यसंगीताची साधी मैफल केली, दोनशे रुपये तिकीट, साथीदारांसकट कुणी मानधन घेतलं नाही, दारात पावती पुस्तक. जमलेली रक्कम तारांकित गाण्याच्या स्वप्नापुढे लहानच होती. मोठी नावं असती तर ती दसपट झाली असती हे मी नाकारत नाही. म्हणूनच मोठ्या नावांना नको म्हणायला माझं मन धजत नाही.

मोठी नावं घेऊनही वेगळं करता येतं, हे महाराष्ट्राने पाहिलं आहे. पाणी फाउंडेशनची जलसंधारणाची वॉटर कप स्पर्धा २०१६ साली वरूड, अंबाजोगाई आणि कोरेगाव या तीन तालुक्यांतल्या ११६ गावांत सुरू झाली. तिच्यामागे आमिर खान होते, गाणं अजय-अतुल यांचं. ते गाणं शहरातल्या माणसाकडे पैसे मागत नव्हतं, गावातल्या माणसाला कुदळ-फावडं घेऊन शिवारात बोलावत होतं, आणि ‘तुफान आलंया’ या दोन शब्दांतच त्याची बोली गावाची होती.

पलूसच्या त्या मुलाला मी मैफलीचा हिशेब पाठवला, तिकिटांचे किती, सभागृहाचे किती, उरले किती. रक्कम त्याच्या गावातल्या शाळेच्या वह्या-पुस्तकांसाठी गेली. त्याने उत्तरात एक फोटो पाठवला. ओल उतरलेल्या भिंतीवर खडूने पाण्याची रेघ मारून तारीख लिहिली होती, आणि तिच्याखाली आमच्या हिशेबाचा कागद चिकटवला होता.