जंगलपट (विदर्भातल्या तंबू टॉकीजमधला)

जंगलपट म्हणजे ज्याची गोष्ट जवळपास सगळी जंगलात घडते, ज्यात हिरोइतकंच काम हत्तीला, माकडाला, कुत्र्याला असतं आणि जो आजीपासून नातवापर्यंत सगळ्यांनी एका सतरंजीवर बसून पाहावा असा, कमी पैशात काढलेला पिक्चर. विदर्भाच्या खेड्यांत जंगलपट हा शब्द तसा कुणाच्या तोंडी नाही, लोक सरळ "टारझनचा पिक्चर" म्हणतात, मग त्यात टारझन असो की नसो. या नोंदीत मुख्यतः तंबूत दाखवल्या गेलेल्या जुन्या हिंदी जंगलपटांचा विचार केलाय, म्हणजे साधारण १९५० ते १९८० च्या दरम्यानचा काळ, दोन्हीकडे थोडंफार मागेपुढे धरून.

आधी शब्दाचं बघू, कारण त्यात गंमत आहे. संस्कृतातला "जांगल" म्हणजे दाट झाडी नव्हेच. आयुर्वेदाच्या ग्रंथांत जांगल देश म्हणजे कोरडा, मोकळा, कमी पाण्याचा आणि विरळ झाडांचा मुलूख, आणि त्याच्या उलट पाणथळ तो आनूप. फ्रान्सिस झिमरमन या अभ्यासकाने यावर सविस्तर लिहिलंय. पुढे अर्थ सरकत सरकत घनदाट अरण्यापर्यंत आला आणि सिनेमाने तर तो अजून पुढे नेऊन नारळी-केळी, दलदल, मगरी अशा ठिकाणी पोचवला. मेळघाट, ताडोबा, नवेगाव इथलं सागाचं आणि बांबूचं रान, जे उन्हाळ्यात पानं गाळून उघडं पडतं, ते पडद्यावरच्या जंगलापेक्षा या जुन्या अर्थाच्या जास्त जवळ आहे असं वाटतं.

या प्रकाराचा उगम कुठला यावर दोन मतं आहेत. एक मत म्हणजे सगळं टारझनपासून सुरू झालं. एडगर राइस बरोजची ती गोष्ट १९१२ मधे मासिकात आली, १९१८ मधे त्यावर पहिला मूकपट निघाला आणि १९३२ मधे जॉनी वाइसम्युलरचा बोलपट आला, त्याने जगभर लाट आणली. दुसरं मत उगम आणखी मागे नेतं, रुडयार्ड किपलिंगच्या मोगलीपर्यंत, म्हणजे १८९४ च्या "द जंगल बुक"पर्यंत. बरोजने आपलाच धागा उचलला असं खुद्द किपलिंगनेही आत्मचरित्रात सुचवलंय. आम्हाला दुसरं मत जास्त पटतं, आणि ते केवळ मोगलीचं रान आपल्या शेजारचं आहे म्हणून नाही.

शेजारचं म्हणजे अगदी शेजारचं. पुस्तकातलं सिओनी म्हणजे नागपूरच्या उत्तरेला लागून असलेला सिवनी जिल्हा, आणि वैनगंगा तर तिथे उगम पावून खाली भंडारा, गडचिरोलीकडे आपल्याच मुलखातून वाहते. पण किपलिंग सिवनीला कधी आलाच नव्हता असं बहुतेक अभ्यासक मानतात, मोगलीच्या पहिल्या गोष्टी त्याने अमेरिकेत व्हर्माँटला बसून लिहिल्या आणि सुरुवातीच्या खर्ड्यात तर अरवलीच्या डोंगरांचं नाव होतं, सिवनी नंतर आलं. ते आलं कुठून तर रॉबर्ट स्टर्नडेलच्या १८७७ च्या "सिओनी" या शिकारवर्णनाच्या पुस्तकातून, असं सगळ्यात सयुक्तिक वाटतं. १८३१ च्या सुमारास सिवनीकडे लांडग्यांनी वाढवलेला मुलगा सापडला आणि तोच मोगली, ही हकिकत पर्यटनाच्या माहितीत पुन्हा पुन्हा येते, पण कर्नल स्लीमन या इंग्रज अधिकाऱ्याने लांडग्यांत वाढलेल्या मुलांची जी टिपणं छापली ती मुख्यतः अवधकडची आहेत, त्यामुळे ही हकिकत जपूनच घ्यावी. मध्य प्रदेशातल्या पेंचच्या अभयारण्याला मोगलीचं नाव दिलेलं आहे, नदीच्या या बाजूला महाराष्ट्रातल्या पेंचला ते नाही. बरोजने आफ्रिका पाहिली नव्हती, किपलिंगने सिवनी पाहिलं नव्हतं. या प्रकारातलं जंगल मुळापासून दुरून रंगवलेलं आहे हे ध्यानात ठेवलं की पुढचं सगळं समजायला सोपं जातं.

हिंदीत हा प्रकार रुजवला तो वाडिया बंधूंनी. जे. बी. एच. वाडिया आणि होमी वाडिया यांनी १९३३ मधे वाडिया मूव्हीटोन काढली, १९३५ ला "हंटरवाली"ने मारधाड करणाऱ्या नादिया या नटीला घरोघर नेलं आणि १९३७ मधे होमी वाडियांनी जॉन कावसला घेऊन "तूफानी टारझन" काढला. नंतर होमी वाडियांच्या बसंत पिक्चर्सचा "झिंबो" १९५८ चा, त्याचे पुढचे भाग १९६० आणि १९६६ चे, आणि १९६५ मधे "टारझन कम्स टू दिल्ली"त दारासिंगचा टारझन थेट दिल्लीला जाऊन आला. समांतर दुसरा प्रवाह हत्तीचा. म्हैसूरच्या माहुताचा पोरगा साबू १९३७ च्या "एलिफंट बॉय"मधून जगाला माहीत झाला, आणि १९७१ ला "हाथी मेरे साथी" आला, जो कमी पैशातला अजिबात नव्हता पण पुढच्या कितीतरी स्वस्त जनावरपटांना वाट त्याने करून दिली. मराठीत असे पिक्चर फार थोडे.

कमी पैशात जंगल कसं उभं राहायचं हे बघण्यासारखं आहे. स्टुडिओत दोन-चार झाडं, दोरखंडाला पाला गुंडाळून केलेल्या वेली, गोरिला म्हणजे केसाळ झगा घातलेला माणूस, आणि सिंह-हत्तींचे कळप जुन्या फिल्ममधून कापून जोडलेले. हिरो डावीकडे बघतो, मग सिंह दिसतो, मग पुन्हा हिरो, पण दोघं एका चौकटीत कधीच येत नाहीत. रात्रीचे सीन दिवसाउजेडी घ्यायचे, लेन्सला गडद फिल्टर लावून.

हा शेवटचा मुद्दा तंबूत फार जाच करायचा, त्यामुळे जरा खोलात जावं लागेल. त्या काळच्या ३५ मिमीच्या मशीनमधे प्रकाश कार्बनच्या दोन कांड्यांमधल्या ठिणगीचा असायचा. कांड्या जळत जळत आखूड होतात, अंतर वाढलं की उजेड पिवळा पडून फडफडतो, म्हणून ऑपरेटरला काळ्या काचेतून बघत मिनिटामिनिटाला मूठ फिरवून कांड्या जवळ आणाव्या लागत. शिवाय वीज डिझेल जनरेटरची, तो मधेच दम टाकणार. आता पडद्यावर आधीच गडद करून घेतलेली रात्र, प्रिंट दहा वर्षं फिरून घासलेली, आणि उजेड मरतुकडा, मग पडदा पार काळा व्हायचा आणि नुसते आवाज ऐकू यायचे, डरकाळी, किंकाळी, कुत्र्याचं भुंकणं. घासलेल्या प्रिंटवर उभ्या रेघा पडतात त्याला लोक "पाऊस" म्हणत, जंगलात भर उन्हात पाऊस. मशीन एकच असल्यामुळे रीळ संपलं की थांबायचं. हजार फुटांचं रीळ साधारण ११ मिनिटं चालतं, म्हणजे तंबूत इंटरव्हल एक नसायचा. १६ मिमीची मशीन मात्र हलकी, साध्या दिव्यावर चालणारी, बैलबंडीवर टाकून आतल्या गावी नेता येणारी, तीत ४०० फूट फिल्म तेवढीच ११ मिनिटं पुरते.

पिक्चर यायचे ते सीपी-बेरार सर्किटमधून, म्हणजे सिनेमा वितरणाच्या त्या नावाच्या विभागातून. मध्यप्रांत-वऱ्हाड हा प्रांत नकाशावरून केव्हाच गेला, विदर्भ १९५६ ला मुंबई राज्यात आणि १९६० ला महाराष्ट्रात आला, पण सिनेमाच्या धंद्यात ते नाव टिकून राहिलं. अमरावती आणि भुसावळ ही वितरकांची मोठी ठिकाणं. शहरातून उतरलेली जुनी प्रिंट स्वस्तात मिळायची आणि ती घेऊन तंबूवाले यात्रेयात्रेने फिरायचे. पौषात सुरू होणारी अमरावती जिल्ह्यातली बहिरमची यात्रा त्यात मोठी, तिथे हंडीतलं मटण आणि रोडगे खाऊन लोक रात्री तंबूत शिरत. पूर्वेकडे झाडीपट्टीत मात्र शंकरपट, म्हणजे बैलांच्या शर्यती, आणि रात्रीच्या नाटकांचा जोर इतका की टॉकीजला दुसरा नंबर घ्यावा लागे.

जंगलपट तंबूत का चालले याचं कारण नुसती स्वस्ताई असं सांगितलं जातं, ते अर्धंच खरं आहे. पिक्चर हिंदीत, आणि समोर बसलेल्यांच्या घरची बोली कुणाची वऱ्हाडी, कुणाची झाडी, मेळघाटात कोरकू, गडचिरोलीकडे गोंडी. डायलॉगवर चालणारा सामाजिक पिक्चर तिथे अर्धा वाया जायचा. हरवलेलं पोरगं, त्याला सांभाळणारं जनावर, मग शहरातून बंदूक घेऊन आलेले लोभी लोक, हे न सांगता कळतं. आणि बायका-पोरांना तमाशाच्या फडात जायची सोय नव्हती, देवाचा पिक्चर आणि जंगलाचा पिक्चर या दोनच ठिकाणी अख्खं घर जाऊ शकत होतं, मधे कनात लावून बायकांची बाजू वेगळी असायची तरीही.

प्रेक्षक भोळा होता असं जे लिहिलं जातं ते मात्र आम्हाला अजिबात मान्य नाही. ज्यांच्या गोठ्यातलं जनावर वाघाने नेलेलं, जे मोह वेचायला पहाटे रानात जातात, त्यांना पडद्यावरच्या जंगलातली प्रत्येक चूक दिसायची. आमच्या घरची म्हातारी सिंह आला की हळूच म्हणायची, "हा आपल्या रानातला नाही वं." वेलीला लटकणाऱ्या हिरोचं मात्र तिला काही वाटायचं नाही, कारण माहुलीची वेल किती चिवट असते ते तिला माहीत होतं. ती डोळे पुसायची ते हत्ती रडला की, तिथे रान खरं की खोटं हा प्रश्नच नसायचा.

हा प्रकार आटला तो अनेक बाजूंनी. १९७२ चा वन्यजीव कायदा आला, पुढे १९९८ च्या अधिसूचनेने वाघ, सिंह, अस्वल, बिबळ्या, माकड यांचे खेळ करायलाच बंदी आली. पण तंबू त्याच्या आधीच उठले होते, १९८२ नंतर रंगीत टीव्ही आणि मग गावोगाव व्हिडिओ. उरलेल्या प्रिंट बऱ्याचशा चांदी काढायला भट्टीत गेल्या.

पोरांकडे राहिले ते तुकडे. फिल्म तुटली की ऑपरेटर खराब भाग कापून टाकायचा आणि सकाळी तंबूमागे पोट्टे ते वेचायला हजर. ३५ मिमीचा वीतभर तुकडा, म्हणजे साधारण ९ इंच, म्हणजे १२ चित्रं, पडद्यावरचा फक्त अर्धा सेकंद. खोक्याला भोक पाडायचं, पाणी भरलेला फ्यूज बल्ब भिंगासारखा पुढे लावायचा, बाहेरून एकाने आरशाने ऊन आत सोडायचं, आणि घराच्या अंधाऱ्या भिंतीवर चित्र यायचं, उलटं. माणसाचा तुकडा दोन गोट्यांना मिळायचा आणि वाघाचा दहा गोट्या देऊनही कुणी सोडायचं नाही.