बाळंतपणानंतर लघवी गळते? मोफत शस्त्रक्रियेचं काम कुठे अडतं

नंदुरबार जिल्ह्यातल्या धडगाव-अक्कलकुव्याच्या पाड्यांवर रस्ता नाही, गाडी वेळेवर येत नाही. बाई दोन-दोन दिवस घरीच कळा सोसते. बाळाचं डोकं अडकून राहिलं की मूत्राशयावर दाब येतो, तिथला रक्तपुरवठा तुटतो आणि मूत्राशय व योनीमार्ग यांच्यामध्ये भोक पडतं. मग लघवी रात्रंदिवस गळत राहते. हा फिस्टुला. यावर शस्त्रक्रिया आहे आणि महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत ती मोफत होते. रेशनकार्ड पिवळं, केशरी, पांढरं कुठलंही चालतं. कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचं संरक्षण आहे.

तरी बायका शस्त्रक्रिया न होताच परत येतात, आणि बहुतेक वेळा अडतं ते नावावर. आधारवर नवऱ्याचं नाव, रेशनकार्डावर माहेरचं. किंवा माहेरच्या कार्डातून नाव कमी झालं आणि सासरच्या कार्डात चढवायचं राहून गेलं. हे आधी तपासा. नाव कमी केल्याचा दाखला घेऊन तहसीलच्या पुरवठा शाखेत अर्ज करा, ग्रामपंचायतीचा विवाह नोंदणी दाखला जवळ ठेवा. वास येतो म्हणून घराबाहेर काढलेल्या बाईचं कार्ड सासूच्या पेटीत असतं. तिला खिडकीवर "नवऱ्याला घेऊन या" म्हणून सांगणं हा निव्वळ छळ आहे. अशा वेळी रेशन दुकानदाराकडून कार्डाचा १२ अंकी क्रमांक मिळवा.

दुसरा घोळ मुदतीचा. शस्त्रक्रिया साधारण ३ महिन्यांनी करतात, जखम निवळावी म्हणून. पण "तीन महिन्यांनी या" याचा अर्थ तोवर घरी बसा असा नाही! गळती दिसताच दाखवलं आणि मूत्राशयात लघवीची नळी (कॅथेटर) काही आठवडे ठेवली, तर लहान भोक कधी कधी आपोआप भरतं. ही संधी पहिल्या काही आठवड्यांतच असते. आणि अनेक वर्षं झाली असली तरी शस्त्रक्रिया होऊ शकते, कोणी "आता उशीर झाला" म्हटलं तर ऐकू नका.

तिसरं, केसपेपर. लाजेने बाई "पांढरं जातं" एवढंच सांगते, तेच लिहिलं जातं आणि गोळ्या देऊन बोळवण होते. "बाळंतपणापासून लघवी सतत गळते" हे शब्द लिहून घ्या. मूत्राशयात निळं औषध भरतात, योनीमार्गात ठेवलेला कापूस निळा झाला की निदान पक्कं. आशाताईंना सोबत न्या, बोलायला धीर येतो.

फोटो ओळखपत्र वगैरे नेहमीचंच. योजनेतल्या रुग्णालयात आधी आरोग्यमित्राला (योजनेच्या मदतनीसाला) भेटा, त्याच्या नोंदणीआधी अनामत भरू नका. इथे पैसे भरून नंतर परत मागायची सोय नाही. कोणी पैसे मागितले तर १५५३८८ वर तक्रार करा. सुट्टी होताना परतीच्या प्रवासखर्चाची चौकशी करा.

डिस्चार्ज कार्ड जपा. पुढचं बाळंतपण रुग्णालयात, सिझेरियननेच करायचं आहे, आणि तेव्हा डॉक्टरांना पहिल्या भेटीतच हे कार्ड दाखवायचं आहे.