दंतक्षय : प्रतिबंध व उपचार

तोंडातील जिवाणू अन्नातल्या साखरेपासून आम्ल तयार करतात आणि त्या आम्लाने दाताचा कठीण भाग हळूहळू विरघळत जातो. या रोगाला दंतक्षय म्हणतात; बोलताना आपण ‘दात किडला’ म्हणतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ च्या अहवालानुसार जगात सुमारे २०० कोटी लोकांच्या कायमच्या दातांत आणि ५१ कोटींहून अधिक मुलांच्या दुधाच्या दातांत हा रोग आहे. एवढा सर्रास आढळणारा हा रोग मोठ्या प्रमाणात टाळता येतो. शिवाय दाताला खड्डा पडण्यापूर्वी तो थांबवताही येतो, आणि नेमके हेच बहुतेक घरांत ठाऊक नसते.

दाताचे बाहेरचे आवरण म्हणजे इनॅमल. शरीरातला हा सर्वांत कठीण पदार्थ असून वजनाने त्याचा सुमारे ९६ टक्के भाग खनिजांचा असतो. त्याच्या आत त्याहून मऊ डेन्टिन आणि सर्वांत आत रक्तवाहिन्या व नसा असलेला गाभा असतो. इनॅमलमध्ये जिवंत पेशी नसतात, त्यामुळे मोडलेले हाड जसे जुळून येते तसा दाताचा खड्डा आपोआप भरून येत नाही. दातांवर सतत साचणाऱ्या चिकट थरात, म्हणजे कीटणात, स्ट्रेप्टोकॉकस म्युटन्ससारखे जिवाणू राहतात. गोड खाल्ले की काही मिनिटांतच या थरातील आम्लता वाढते. तिचा सामू (pH; तो जितका कमी तितके आम्ल तीव्र) साधारण ५.५ च्या खाली गेला की इनॅमलमधले कॅल्शियम व फॉस्फेट बाहेर पडू लागते. पुढच्या अर्ध्या ते एक तासात लाळ हे आम्ल निष्प्रभ करते आणि गेलेले खनिज काही प्रमाणात परतही बसवते. दिवसभर चाललेल्या या देवाणघेवाणीत तूट वाढत गेली की कीड लागते.

किडीची पहिली खूण काळी नसते, पांढरी असते. दात पुसून कोरडा केला की हिरडीलगत खडूसारखा निस्तेज पट्टा दिसतो. ओला असताना तो सहज नजरेतून सुटतो. या टप्प्यावर वरचा पृष्ठभाग शाबूत असतो आणि फ्लोराइड (इनॅमलला बळकटी देणारे खनिज), स्वच्छता व खाण्याच्या वेळांची शिस्त यांनी तो पट्टा पुन्हा कठीण होऊ शकतो. दुखत नसल्यामुळे मात्र या वेळी दवाखान्यात कोणी जात नाही. ठणका लागतो तोवर कीड बहुधा गाभ्याजवळ पोहोचलेली असते.

साखर किती खाल्ली याइतकेच ती किती वेळा खाल्ली यालाही महत्त्व आहे. सणाच्या जेवणात खाल्लेल्या पुरणपोळ्यांपेक्षा दिवसभर थोड्या थोड्या वेळाने चघळलेली गोळी, दर चहाबरोबरची दोन बिस्किटे किंवा शाळेच्या दप्तरातली चिक्की दातांना जास्त महागात पडते, कारण लाळेला सावरायला वेळच मिळत नाही. गूळ नैसर्गिक असल्याने दातांना चालतो हा समजही खरा नाही. जिवाणूंना गूळ, मध आणि साखर सारखेच. तान्ह्या बाळाला गोड दुधाची बाटली तोंडात ठेवून झोपवले, तर झोपेत लाळ कमी झाल्याने वरचे पुढचे चार दात वर्षा-दोन वर्षांतच तपकिरी पडून तुटू लागतात. ‘दुधाचे दात पडणारच आहेत’ म्हणून याकडे दुर्लक्ष करणे चुकीचे आहे. दुखऱ्या दातांचे मूल नीट खात नाही, झोपत नाही, आणि दुधाची दाढ वेळेआधी काढावी लागली तर मागची दाढ पुढे सरकून कायमच्या दाताची जागा अडवते.

आणखी एका दाढेबद्दल पालकांना आवर्जून सांगायला हवे. सहाव्या वर्षाच्या सुमारास दुधाच्या शेवटच्या दाढेमागे एक नवी दाढ येते. तिच्यासाठी कोणताही दात पडत नाही, त्यामुळे ती आल्याचे घरात कळतही नाही आणि कळले तरी ती दुधाचीच समजली जाते. प्रत्यक्षात ही पहिली कायमची दाढ असते आणि ती जन्मभर पुरायला हवी. चावण्याच्या पृष्ठभागावर तिला खोल, अरुंद खाचा असतात. ब्रशचा केस त्यांच्या तळापर्यंत जात नाही. दाढ पूर्ण वर येईपर्यंत ती शेजारच्या दातांपेक्षा खाली असते, म्हणून आडवा फिरणारा ब्रश तिच्यावरून नुसता निघून जातो. किडलेल्या कायमच्या दातांत हीच दाढ बहुधा पहिली असते. दाढ आल्यावर लवकरच दंतवैद्याकडून खाचांत सीलंट नावाचे पातळ राळेसारखे द्रव्य भरून घेतले तर बराचसा धोका टळतो. यात दात कोरावा लागत नाही, सुई टोचावी लागत नाही.

घरगुती प्रतिबंधाचा मुख्य आधार फ्लोराइडयुक्त टूथपेस्ट आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेतील कोलोरॅडो स्प्रिंग्ज येथे फ्रेडरिक मॅके या दंतवैद्यांना तिथल्या लोकांचे दात डागाळलेले, पण कमी किडलेले आढळले. पाण्यातले फ्लोराइड हे त्याचे कारण १९३१ मध्ये निश्चित झाले आणि १९४५ मध्ये ग्रँड रॅपिड्स या शहरात नळाच्या पाण्यात मोजून फ्लोराइड घालायला सुरुवात झाली. भारतात अनेक ठिकाणी प्रश्न उलटा आहे. चंद्रपूर, यवतमाळ, नांदेड या जिल्ह्यांतील काही गावांच्या भूजलात फ्लोराइड गरजेपेक्षा जास्त असल्याने दातांवर डाग पडतात आणि हाडेही आखडतात. पाण्यातले जादा फ्लोराइड काढण्यासाठी तुरटी व चुना वापरणारी ‘नालगोंडा’ पद्धत नागपूरच्या ‘नीरी’ या संस्थेने विकसित केली. अशा गावांत पाणी बदलणे हाच पहिला उपाय ठरतो. इतरत्र दिवसातून दोनदा, त्यातही रात्री झोपताना न चुकता, फ्लोराइडच्या पेस्टने दात घासावेत. तीन वर्षांखालील मुलाला तांदळाच्या दाण्याएवढी, तर सहा वर्षांपर्यंत वाटाण्याएवढी पेस्ट पुरते. घासून झाल्यावर फेस थुंकावा, खळखळून चूळ भरू नये. नाहीतर फ्लोराइड पाण्याबरोबर वाहून जाते. दोन दातांमधल्या फटीत ब्रश पोहोचत नाही, तिथे दोरा किंवा फटीसाठीचा छोटा ब्रश वापरावा. राखुंडी, कोळसा किंवा विटेची पूड यांनी दात चकचकीत दिसले तरी घासून झिजतात. मिश्री तर भाजलेली तंबाखूच आहे. तिने कीड थांबत नाही, व्यसन लागते आणि तोंडाच्या कर्करोगाचा धोका वाढतो, त्यामुळे ती सोडणेच योग्य.

एकदा खड्डा पडला की दुरुस्तीशिवाय मार्ग नाही. ती जितकी लवकर होईल तितका दाताचा स्वतःचा भाग जास्त वाचतो. लहान मुलांत किंवा यंत्रसामग्री नसलेल्या गावांत सिल्व्हर डायअमाइन फ्लोराइड या चांदी व फ्लोराइड असलेल्या द्रावणाचा थेंब लावून कीड रोखता येते. किडलेला भाग कायमचा काळा पडतो, हे पालकांना आधी सांगावे लागते. मऊ झालेला भाग हाताच्या अवजारांनी खरवडून त्यात ग्लास आयोनोमर सिमेंट भरण्याच्या पद्धतीला वीजही लागत नाही. ही दोन्ही द्रव्ये २०२१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आली. लोक जिला ‘चांदी भरणे’ म्हणतात त्या मिश्रणात सुमारे निम्मा पारा असतो. भरलेला दात टिकाऊ असतो, पण पाऱ्याच्या प्रदूषणामुळे, पाऱ्याचा वापर घटवण्यासाठीच्या मिनामाता या आंतरराष्ट्रीय करारानंतर, या मिश्रणाचा वापर कमी होत आहे. त्याची जागा दाताच्या रंगाच्या, निळ्या प्रकाशाने घट्ट होणाऱ्या काँपोझिटने घेतली आहे.

कीड गाभ्यात शिरली की रूट कॅनाल करावे लागते. गाभा काढून मुळातल्या नळ्या स्वच्छ करतात, त्या गटापर्चा या रबरासारख्या पदार्थाने बंद करतात आणि दाढ असेल तर वर सहसा कॅप बसवतात. ठणका थांबला म्हणून अर्ध्यावर उपचार सोडणारे रुग्ण पुष्कळ असतात. कॅप न बसवलेली दाढ कडक भाकरी किंवा सुपारी चावताना उभी चिरते आणि मग ती वाचत नाही.

दात गेल्यावर मोकळी जागा तशीच ठेवली तर शेजारचे दात तिच्याकडे कलतात आणि समोरच्या जबड्यातला दात लांबतो. काढघालीची कवळी स्वस्त पडते. रात्री ती काढून पाण्यात ठेवावी. ब्रिज, म्हणजे बाजूच्या दातांच्या आधाराने पक्का बसवलेला कृत्रिम दात, बसवण्यासाठी बाजूचे, अनेकदा निरोगी, दात कोरावे लागतात. इम्प्लांट म्हणजे जबड्यात बसवलेला टायटॅनियमचा स्क्रू. हाड त्याच्याशी एकजीव होते, हे स्वीडनच्या पेर-इंग्वर ब्रानेमार्क यांनी दाखवले आणि १९६५ मध्ये पहिल्या रुग्णावर ते वापरले. हाड जुळायला बहुधा काही महिने लागतात. मधुमेह आटोक्यात नसेल किंवा रुग्ण धूम्रपान करत असेल तर अपयशाची शक्यता वाढते. खर्चही मोठा असतो. जवळ शासकीय दंत महाविद्यालय असल्यास तिथे बरेचसे उपचार कमी दरात होतात.

खेळताना किंवा अपघातात कायमचा दात मुळासकट निखळला तर तो पुन्हा बसू शकतो. मूळ न हाताळता दात वरच्या बाजूने धरावा, माती लागली असेल तर थंड दुधात किंवा पाण्यात क्षणभर बुडवून काढावा आणि जमल्यास लगेच त्याच्या जागी बसवून रुमाल चावून धरावा. ते शक्य नसेल तर दात दुधात ठेवून तासाभराच्या आत दंतवैद्याकडे न्यावा. दुधाचा दात मात्र परत बसवत नाहीत, कारण खालच्या कायमच्या दाताच्या अंकुराला त्यामुळे इजा होऊ शकते.