कार्पेटचं मशीन घेताय? ओतलेलं पाणी परत किती येतंय ते बघा

डिटेलिंगचा, म्हणजे गाडी आतून-बाहेरून बारकाईनं साफ करायचा, धंदा टाकायचाय म्हणणारी पोरं आजकाल सांगलीच्या विश्रामबागपासून साताऱ्याच्या वाढे फाट्यापर्यंत सगळीकडं भेटतात, आणि मशीनचा विषय निघाला की पहिला प्रश्न ठरलेला, "प्रेशर किती बार मारतंय?" गाडी बाहेरून धुवायला ठीक आहे, तिथं १००-१५० बारचा वॉशर चालतो, पाणी रॅम्पवरून गटारात जातं, विषय संपला. आतल्या कार्पेटला मात्र हा आकडा बिनकामाचा आहे, उलट जेवढं प्रेशर जास्त तेवढं पाणी खोल जाणार. कार्पेटसाठी मशीन घेताना मी तरी आधी एकच गोष्ट बघेन, ओतलेल्या पाण्यातलं परत किती येतंय.

का ते सांगतो. आपल्याकडच्या बहुतेक गाड्यांत वर जे पातळ कार्पेट दिसतं ते पॉलिएस्टर किंवा पॉलिप्रॉपिलीनचे धागे सुयांनी ठोकून बनवलेलं असतं, हा धागा स्वतः पाणी जवळजवळ पीत नाही. पाणी अडकतं ते धाग्यांच्या मधल्या फटींत आणि त्याहून जास्त खालच्या थरात. खाली टाकाऊ कापडाच्या चिंध्यांचा नमदा नाहीतर फोम असतो, त्यात कापूस असला की तो पाणी धरून बसतो, आणि त्याच्या खाली थेट बॉडीचा पत्रा. पाणी जाणार कुठं? वरनं हात लावला तर कोरडं लागतं आणि चार दिवसांनी गिऱ्हाईक फोन करतं, गाडीत कुबट वास येतोय. त्यात कुणी वरून व्हिनाइलचं लॅमिनेशन करून घेतलेलं असलं तर बघायलाच नको, वाफ वर यायची वाटच बंद.

आता ओढायचं कसं, तर इथं थोडं फिजिक्स लागतं. १९०१ साली लंडनमधे ह्युबर्ट सेसिल बूथ नावाच्या इंजिनिअरनं व्हॅक्यूम क्लीनरचं पेटंट घेतलं. त्याच्या आधी त्यानं हवेच्या झोतानं धूळ उडवणारं एक यंत्र बघितलं होतं, धूळ उडायची आणि परत तिथंच बसायची, म्हणून त्यानं उलटा विचार केला, हॉटेलातल्या खुर्चीवर रुमाल ठेवला आणि तोंडानं हवा ओढली, रुमालावर धूळ जमली. सव्वाशे वर्षं होत आली, तरी आपल्याकडं कॉम्प्रेसरला गन लावून सीटखाली नुसतं उडवत बसणारे आहेतच. गन वाईट नाही, कोपऱ्यातली वाळू सुटते, पण शेजारी व्हॅक्यूमचं तोंड धरलेलं नसेल तर बूथनं बघितलेलं तेच यंत्र झालं ते.

खरं म्हणजे व्हॅक्यूम ओढत नाही. उसाचा रस स्ट्रॉनं पिताना जसं होतं तसंच, आतला दाब कमी झाला की बाहेरची हवा पाण्याला ढकलते. मोटर किती दाब कमी करू शकते त्याला वॉटर लिफ्ट म्हणतात, म्हणजे पाण्याचा किती उंच स्तंभ ती उचलून धरेल. वातावरणाचा पूर्ण दाब समुद्रसपाटीला साधारण १०.३ मीटर पाण्याएवढा असतो, आणि एक्स्ट्रॅक्टरची, म्हणजे पाणी फवारून तेच परत ओढणाऱ्या कार्पेटच्या मशीनची, चांगली मोटर दोन-अडीच मीटर उचलते, म्हणजे जेमतेम पाव भाग. पण नुसत्या लिफ्टवरही जाऊ नका, कारण तो आकडा पाइपचं तोंड पूर्ण बंद करून मोजलेला असतो, हवा वाहतच नाही तेव्हाचा. पाण्याचे थेंब ओढत आणायला हवेचा वेगही लागतो, तो एअरफ्लोचा आकडा, आणि तो मोजतात तोंड पूर्ण उघडं ठेवून. खरं काम या दोघांच्या मधे कुठंतरी होतं. म्हणून दोन्ही आकडे विचारा, आणि दुकानदार नुसता "१४०० वॅट आहे साहेब" म्हणत असेल तर ते वीज किती खातं ते सांगतोय, ओढतं किती ते नाही.

पाइपकडं तर कुणी बघतच नाही. तेवढीच हवा बारीक पाइपातून न्यायची तर व्यास कमी होईल तसा दाबाचा तोटा साधारण त्याच्या पाचव्या घातानं वाढतो, म्हणजे ३८ मिलीमीटरच्या जागी ३२ चा पाइप लावला की तोटा दुपटीच्या वर. वर लांबी वाढवून दहा मीटरचा केला की महागाची मोटर घेऊन उपयोग काय.

म्हणून डेमो मागाच. घरनं जुनं कार्पेट न्या, टाकीत मोजून पाच लिटर पाणी घाला, त्यातलं चार लिटर फवारा, मग वरनं नुसतं ओढत दोन-तीन हात फिरवा, सावकाश, झाडू मारल्यासारखं नाही. घाण पाण्याच्या टाकीतलं पाणी मोजा. साडेतीन आलं तर अर्धा लिटर कार्पेटमधे राहिलं, तीन आलं तर एक लिटर. पारदर्शक तोंडाचा हँडटूल असेल तर उत्तम, ओढताना पाणी कधी स्वच्छ यायला लागलं आणि कधी थांबलं ते डोळ्यांनी दिसतं.

आणि घरातला साधा व्हॅक्यूम यासाठी वापरायचा नाही म्हणजे नाही. त्यात ओढलेलीच हवा मोटरवरनं जाऊन तिला थंड करते, पाणी गेलं की मोटर जळणार किंवा शॉक बसणार. ओल्या-सुक्याच्या मशीनमधे मोटर थंड करणारी हवा वेगळी असते. तरीसुद्धा फेसापासून जपा, टाकी भरली की ओढणं बंद करणारा तरंगता फ्लोट पाण्यानं उचलला जातो, फेस त्याला चकवून थेट मोटरपर्यंत पोचतो, म्हणून कमी फेसाचाच शाम्पू वापरा.

गरम पाण्याचं काय? गरम पाण्यानं तेलकट मळ सुटतो हे खरं, पण मशीनला हीटर आहे म्हणून वीस हजार जास्त द्यायच्या आधी गणित करा. मिनिटाला एक लिटर पाणी जात असताना ते २५ वरनं ६० अंशावर न्यायचं तर सतत २.४ किलोवॅट लागतात. एक किलोवॅटचा हीटर त्याच धारेला जेमतेम १४ अंश वाढवेल. त्यात १६ अँपिअरच्या सॉकेटवर २३० व्होल्टला जास्तीत जास्त ३.७ किलोवॅट निघतात, त्यातच मोटर आणि पंपही चालवायचाय. आपल्याकडं गच्चीवर सोलर आहे, त्याचं पाणी टाकीत भरा, फक्त मशीनचा पंप किती अंशापर्यंत सोसतो ते आधी मॅन्युअलमधे बघा. बोअरचं पाणी जड असेल तर हीटरवर खार धरतो तो वेगळाच ताप. (अर्थिंग आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की वीज तोडणारा स्विच, मात्र पहिल्या दिवसापासून, ओल्या हातांचा धंदा आहे हा.)

स्टीम मशीन बघायला भारी वाटतं, गिऱ्हाईक पण खूश होतं. एसीच्या जाळ्या, डोअरपॅड, सीटच्या शिवणी यासाठी छानच आहे. पण वाफ मळ सैल करते, उचलत नाही, उचलायला शेवटी व्हॅक्यूमच लागतो. पैसे मोजके असतील तर आधी एक्स्ट्रॅक्टर, वाफेचं पुढच्या वर्षी.

आता केमिकल, आणि इथं सांगलीकरांना जास्त सांगायला नको. सांगलीच्या हळदीला २०१८ मधे जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालं, आणि मार्केट यार्डातल्या गाड्यांच्या कार्पेटवर ती असतेच. तिकडं कराड तालुक्यात पालच्या खंडोबाच्या यात्रेहून आलेली गाडी आतनं भंडाऱ्यानं पिवळी असते. हळदीचा रंग म्हणजे कर्क्युमिन, तो पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, आणि अल्कली लागली की लालसर तपकिरी होतो. हळदीला चुना लावून कुंकू करायचे ते याच गुणावर. डिटेलिंगवाल्यांचे ऑल पर्पज क्लीनर बहुतेक अल्कलीचेच, त्यामुळं पिवळा डाग तुमच्या हाताखाली लाल होतो आणि गिऱ्हाईक समोर उभं. घाबरू नका, पातळ व्हिनेगर लावलं की परत पिवळा होतो. पण क्रम असा ठेवा, आधी कोरडीच ओढून घ्या, पाण्याचा थेंब नको. मग मायक्रोफायबरवर आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन टिपा, कर्क्युमिन त्यात विरघळतं, फक्त दारं उघडी पाहिजेत आणि जवळ विडीकाडी नको. उरलेला पिवळेपणा उन्हाला सोडा, कर्क्युमिन उजेडात मोडतं. भंडाऱ्यात भेसळीचा रंग असला तर तो असा ऐकेलच असं नाही.

मातीचंही तेच, आधी कोरडी. वाळवा-मिरजेकडची काळी माती ओली झाली की फुगते आणि चिकटते, सुकली की आकसून तिला भेगा पडतात, म्हणून पूर्ण सुकू द्या, ब्रशनं झटका, ओढून घ्या, आणि मगच पाणी. महाबळेश्वर-पाचगणीच्या लाल मातीत लोहाचे ऑक्साइड असतात, ती ओली करून घासली की रंग धाग्यांत आणखी खोल बसतो.

राहिलं वाळवणं. साताऱ्यात जुलैमधे हवेची आर्द्रता ८० टक्के आहे असं धरा, तापमान २५. अशा वेळी एक घनमीटर हवा आणखी फार तर साडेचार-पाच ग्रॅम वाफ घेऊ शकते. छोट्या गाडीत हवा असते साधारण तीन घनमीटर, म्हणजे काचा लावून ठेवली तर सगळ्या गाडीची हवा जेमतेम १४ ग्रॅम पाणी उचलणार. कार्पेटमधे अर्धा लिटर राहिलेलं असेल तर गाडीतली सगळी हवा पस्तीस-छत्तीस वेळा बदलायला लागेल, तेही प्रत्येक वेळी ती पूर्ण भरून बाहेर गेली तर. त्यापेक्षा गाडी उघड्यावर घ्या, शेडमधे नाही कारण इंजिनचा धूर जीवघेणा, आणि एसी चालू करून रिसर्क्युलेशनवर, म्हणजे आतलीच हवा फिरत राहील असं ठेवून, हीटरकडं नॉब फिरवा. गरम हवा पाणी उडवते, एसीची थंड कॉइल ते पकडते, आणि गाडीखाली टपटप गळतं. सोबत पायाजवळ एक ब्लोअर. एक्स्ट्रॅक्टरनंतर दुसरा खर्च करायचा असेल तर तो ब्लोअरवर करा.

आणि कृष्णेच्या पुरातली गाडी आली, २०१९ आणि २०२१ ला आल्या तशा, तर हे सगळं मशीन बाजूला ठेवा. सीट काढा, कार्पेट उचला, खालचा नमदा गाळानं भरलेला असतो तो फेकूनच द्या, आणि सीटखालच्या वायरिंगचे, खास करून एअरबॅगचे पिवळे कनेक्टर असतील तर बॅटरी काढून आधी इलेक्ट्रिशियनला बोलवा. त्या गाडीचं बिल रोजच्या रेटनं लावू नका, दोन दिवस जातात.